वन्यजीवांच्या मॉडेलिंगमध्ये संशोधन कसे उभे करावे

जंगलात प्राण्यांचा माग काढणारा माणूस वेगळा आणि संगणकावर समीकरणे सोडवणारा माणूस वेगळा, असा समज अजूनही बराच रूढ आहे. प्राण्यांची संख्या, त्यांच्या हालचाली आणि त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध यांची गणिती प्रतिरूपे, म्हणजेच मॉडेले, तयार करण्याच्या क्षेत्रात ज्याला संशोधक म्हणून उभे राहायचे आहे, त्याने हा समज सर्वांत आधी बाजूला ठेवावा. प्राण्याविषयी आपण जे गृहीत धरून चाललो आहोत ते कागदावर स्पष्ट मांडणे आणि त्या गृहीतकांतून काय निष्पन्न होते ते तपासणे, हे मॉडेलचे खरे काम आहे. ही गृहीतके बरोबर की चूक हे ओळखण्यासाठी प्राणी माहीत असावा लागतो, आणि त्यांतून काय निष्पन्न होते ते काढण्यासाठी गणित यावे लागते. हे दोन्ही एकाच माणसाला पूर्णपणे येईलच असे नाही, परंतु एकाची भाषा दुसऱ्याला समजणे मात्र अनिवार्य आहे, आणि पुढील सर्व मार्गदर्शन याच गोष्टीभोवती फिरते.

प्रश्न कसा निवडावा

नवोदित अभ्यासकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे आधी तंत्र निवडणे आणि मग ते तंत्र लावता येईल असा प्राणी शोधणे. असा प्रबंध पूर्ण होतो, कधीकधी छापूनही येतो, परंतु त्याचा उपयोग कोणाला हे सांगता येत नाही. याउलट, एखादा निर्णय कुठेतरी अडलेला आहे आणि तो एका विशिष्ट उत्तरावाचून घेता येत नाही, अशा ठिकाणापासून सुरुवात केली तर मॉडेल लहान राहते आणि उत्तर मोठे मिळते.

याचे मला सर्वाधिक पटलेले उदाहरण गिधाडांचे आहे. 1990च्या दशकात दक्षिण आशियातील जिप्स या वंशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. 2004 मध्ये मृत गिधाडांच्या तपासणीतून असे दिसून आले की गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध शवांतून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. तरीही एक शंका उरतेच. औषध दिलेली गुरे फार थोडी असतील, तर एवढ्या प्रचंड घसरणीला हे एकच कारण पुरेसे कसे ठरेल? त्याच वर्षी रीस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संख्येच्या साध्या मॉडेलमधून हा प्रश्न उलट बाजूने सोडवला. आढळलेली घट घडवून आणण्यासाठी किती शवांमध्ये घातक प्रमाणात औषध असायला हवे, असे त्यांनी विचारले, आणि उत्तर आले की 130 पैकी 1 ते 760 पैकी 1 एवढे शवही पुरे आहे. गिधाडे थव्याने खातात, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा खातात आणि वर्षाला जेमतेम एक पिल्लू वाढवतात. त्यामुळे विषाचा एवढा अल्प अंशही संपूर्ण प्रजातीला पुरून उरतो. 2006 मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. या मॉडेलचे गणित पदव्युत्तर विद्यार्थ्याला झेपेल असेच होते, मात्र प्रश्न अचूक होता आणि गिधाडाचा जीवनक्रम त्यात नेमका उतरला होता.

म्हणून संशोधनाचा विषय ठरवताना एक वाक्य लिहावे: "हे उत्तर असे आले तर अमुक माणूस किंवा अमुक विभाग आज करतो त्यापेक्षा वेगळे काय करील?" हे वाक्य पूर्ण करता आले नाही, तर विषय अजून पिकलेला नाही असे समजावे. मूलभूत, म्हणजे केवळ समजून घेण्यासाठी केलेल्या संशोधनालाही ही कसोटी थोडी बदलून लागू पडते. तेथे विभागाऐवजी एखादी प्रचलित समजूत असते, आणि आपल्या उत्तराने ती टिकणार की मोडणार हे आधी सांगता आले पाहिजे.

पाया: किती गणित, कसले गणित

या क्षेत्रात येण्याचे दरवाजे दोन आहेत, एक जीवशास्त्राच्या बाजूने आणि दुसरा गणित, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्राच्या बाजूने. कोणत्याही दरवाजाने आत यावे, फक्त दुसऱ्या बाजूची तयारी पदव्युत्तर शिक्षण संपण्याच्या आत सुरू झालेली असावी. या शास्त्राचा आरंभच अशा देवाणघेवाणीतून झाला आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी थंडावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांमध्ये शिकारी माशांचे प्रमाण वाढल्याचे उंबेर्तो दांकोना या जीवशास्त्रज्ञाला मासळीबाजाराच्या नोंदींमध्ये दिसले, आणि त्याने हे कोडे आपले सासरे, गणितज्ञ वीटो व्होल्टेरा, यांच्यापुढे ठेवले. 1926 मध्ये व्होल्टेरांनी भक्षक आणि भक्ष्य यांची जोडसमीकरणे प्रसिद्ध केली. आल्फ्रेड लोटका यांनी तीच समीकरणे 1925 मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती. कोडे बाजारातील नोंदवहीतून आले आणि समीकरण त्याच्या पाठोपाठ आले, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आवश्यक गणिताची यादी लोकांना वाटते तेवढी लांब नाही. कलनशास्त्र, साधी अवकल समीकरणे, मॅट्रिक्सचे, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीचे, बीजगणित आणि तिच्यातून निघणारी, वाढीचा वेग सांगणारी आयगेनमूल्ये, आणि या सर्वांपेक्षा जास्त महत्त्वाची संभाव्यता आणि सांख्यिकी. त्यातही लाइकलिहूडची कल्पना, म्हणजे अमुक गृहीतक खरे असेल तर आपल्याला मिळालेल्या नोंदी मिळण्याची शक्यता किती, ही एकदा मनात पक्की बसली की पुढील अर्धी वाट सोपी होते. बेझियन पद्धत, म्हणजे आधीचा अंदाज नव्या नोंदींनुसार सुधारत नेण्याची पद्धत, त्यानंतर शिकावी. प्रोग्रामिंगसाठी आर ही भाषा बहुतेकांना पुरते, कारण वन्यजीवांच्या संख्येचे अंदाज काढणारी बरीचशी साधने तिच्यातच उपलब्ध आहेत. मोठ्या सिम्युलेशनसाठी, म्हणजे संगणकावर केलेल्या नकलेसाठी, पायथन, जूलिया किंवा सी प्लस प्लस यांपैकी एक भाषा पुढे आपोआप शिकली जाते. कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात ठेवण्याची सवय मात्र पहिल्याच महिन्यापासून लावावी, कारण दोन वर्षांनी समीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच सापडते.

मॉडेल म्हणजे काय हे अंगवळणी पडण्यासाठी एक जुना प्रयोग करून पाहावा असा मी आग्रह धरीन. 1959 मध्ये क्रॉफर्ड हॉलिंग यांनी टेबलावर सँडपेपरच्या चकत्या ठेवल्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सहायकाला बोटाने चाचपडत त्या शोधायला सांगितले. चकत्या कमी असताना वेळ शोधण्यात जात होता. चकत्या वाढल्यावर वेळ उचलून बाजूला ठेवण्यात जाऊ लागला, आणि त्यामुळे टेबल कितीही भरले तरी मिनिटाला मिळणाऱ्या चकत्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे जाईना. भक्ष्य वाढले तरी एक भक्षक अमर्याद खाऊ शकत नाही, हे तत्त्व त्यातून समीकरणात उतरले. हा प्रयोग एका दुपारी कोणालाही करता येतो. स्वतः गोळा केलेल्या त्या पंधरा-वीस आकड्यांवर वक्र बसवून शोधण्याचा वेग आणि हाताळणीचा वेळ ही दोन परिमाणे, म्हणजे समीकरणात भरायचे आकडे, काढली, की समीकरणातील अक्षरे निर्जीव राहत नाहीत.

लहान मॉडेल हाताने सोडवावे

तयार सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वी काही मॉडेले कागदावर सोडवणे आवश्यक आहे. एक सोपे उदाहरण घेऊ. एखाद्या प्राण्याच्या माद्या एका वर्षाच्या झाल्यावर प्रजनन करू लागतात, प्रौढ मादी वर्षभर जगण्याची शक्यता 0.90 आहे, प्रत्येक मादीला वर्षाला सरासरी 0.5 मादी पिल्ले होतात आणि त्यांपैकी 0.3 भाग पहिले वर्ष पार करतो, असे मानू. मग वार्षिक वाढीचा गुणक 0.90 अधिक 0.5 गुणिले 0.3, म्हणजे 1.05 येतो आणि संख्या दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढते. आता शिकारीमुळे किंवा अपघातांमुळे प्रौढांच्या जगण्याची शक्यता 0.80 वर आली तर गुणक 0.95 होतो आणि संख्या घसरू लागते. ही घसरण भरून काढून पुन्हा 1.05 गाठायचे असेल, तर पिल्लांच्या जगण्याचे प्रमाण 0.3 वरून थेट 0.5 वर न्यावे लागेल. प्रौढांच्या बाबतीतील 0.1 ची हानी पिल्लांच्या बाबतीत 0.2 ने भरावी लागते. संथ प्रजनन करणाऱ्या प्राण्यांच्या संवर्धनातील कितीतरी वाद या एका हिशेबाने स्पष्ट होतात.

हाच हिशेब अनेक वयोगटांसाठी करायचा झाला की मॅट्रिक्स लागते. पॅट्रिक लेस्ली यांनी 1945 मध्ये ती पद्धत मांडली. 1987 मध्ये डेबोरा क्राउझ, लॅरी क्राउडर आणि हाल कॅसवेल यांनी लॉगरहेड समुद्री कासवांवर तशाच प्रकारचे, परंतु वयाऐवजी जीवनावस्थांवर आधारलेले मॉडेल वापरले. त्या काळात संवर्धनाचा भर किनाऱ्यावरील अंडी आणि नुकती बाहेर पडलेली पिल्ले वाचवण्यावर होता. मॉडेलने दाखवले की सर्व अंडी वाचवली तरी केवळ तेवढ्याने संख्या सावरणार नाही, कारण वाढीचा गुणक मोठ्या, पण अजून प्रौढ न झालेल्या कासवांच्या जगण्यावर अधिक अवलंबून आहे, आणि नेमकी हीच कासवे कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांमध्ये बुडून मरत होती. जाळ्यांतून कासवांना बाहेर पडता येईल अशी चौकट बसवण्याच्या धोरणाला यामुळे बळ मिळाले. हे विश्लेषण स्वतः पुन्हा करून पाहणे हा पदव्युत्तर पातळीवरचा उत्कृष्ट अभ्यास आहे. प्राण्यांची अशी शेकडो मॅट्रिक्स कोमाड्रे या खुल्या डेटाबेसमध्ये आहेत, त्यामुळे सरावासाठी सामग्रीची वाण नाही.

न दिसलेल्या प्राण्यांचा हिशेब

वन्यजीव संशोधनाला इतर शास्त्रांपासून सर्वांत वेगळी करणारी अडचण अशी, की आपला विषय आपल्यापासून लपून राहतो. आपण प्राणी मोजत नाही, आपल्याला दिसलेले प्राणी मोजतो, आणि या दोहोंमधील अंतर ऋतूनुसार, झाडोऱ्यानुसार, निरीक्षकानुसार आणि प्राण्याच्या स्वभावानुसार बदलते. हे अंतर मोजायला शिकणे म्हणजे या व्यवसायाचे निम्मे शिक्षण, असे माझे स्पष्ट मत आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

सर्वांत जुनी कल्पना खुणा करून पुन्हा पकडण्याची आहे. पहिल्या वेळी 40 प्राणी पकडून खुणा केल्या आणि सोडले, दुसऱ्या वेळी 50 पकडले आणि त्यांत 10 खुणेचे निघाले, तर खुणेच्या प्राण्यांपैकी चौथा भाग आपल्या हाती लागला. म्हणून हाती लागलेले 50 हे एकूण संख्येच्या चौथ्या भागाएवढे असणार आणि एकूण संख्या सुमारे 200 येते. हिशेब शाळकरी आहे, पण त्याखालील अटी कठोर आहेत. मधल्या काळात कोणी आले-गेले नसावे, खुणा पडलेल्या नसाव्यात आणि प्रत्येक प्राणी सापडण्याची शक्यता सारखी असावी. प्रत्यक्षात एकदा सापळ्यात अडकलेला प्राणी सापळा टाळू लागतो, किंवा आमिषाच्या लोभाने पुन्हा पुन्हा येतो. पहिल्या प्रकारात अंदाज फुगतो आणि दुसऱ्यात आटतो. या पद्धतीवर पुढे झालेले बरेचसे काम या अटी एकेक करून सैल करण्याचे आहे, आणि अभ्यासकाने ते त्याच क्रमाने वाचावे म्हणजे प्रत्येक नवे परिमाण का आले ते कळते.

1990च्या दशकात उल्हास कारंत आणि जेम्स निकोल्स यांनी हीच कल्पना वाघांना लावली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून खूण करण्याची गरजच उरत नाही, आणि कॅमेरा ट्रॅपमधील, म्हणजे प्राणी समोरून जाताच आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यातील, छायाचित्र हीच पकड ठरते. तरीही एक गाठ सुटली नव्हती. कॅमेऱ्यांच्या जाळ्याबाहेर राहणारे, पण अधूनमधून आत डोकावणारे वाघ नेमक्या किती क्षेत्रफळाचे मानायचे? 2004 मध्ये मरे एफर्ड यांनी मांडलेल्या स्थलनिष्ठ पद्धतीने ती सोडवली. प्रत्येक प्राण्याच्या वावराला एक केंद्र असते आणि त्या केंद्रापासून कॅमेरा जितका दूर, तितकी छायाचित्र मिळण्याची शक्यता कमी, असे मानले की घनता थेट मॉडेलमधूनच मिळते.

जेथे प्राणी वेगवेगळे ओळखता येत नाहीत, तेथे संख्येऐवजी वास्तव्य विचारावे. 2002 मध्ये डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेल्या ऑक्युपन्सी, म्हणजे वास्तव्याच्या, मॉडेलचा गाभा एका गणितात दाखवता येतो. समजा एखादा प्राणी 100 पैकी 60 ठिकाणी खरोखर आहे, आणि असलेल्या ठिकाणी एका भेटीत तो दिसण्याची शक्यता 0.4 आहे. तीन भेटींत तो एकदाही न दिसण्याची शक्यता 0.6 चा घन, म्हणजे जवळपास 0.22 येते. म्हणून 60 पैकी सुमारे 47 ठिकाणीच त्याची नोंद होईल आणि उरलेल्या 13 ठिकाणी तो असूनही "नाही" असे लिहिले जाईल. पाच भेटी दिल्या तर नोंदी 55 पर्यंत जातात. पुढच्या वर्षी गवत उंच वाढल्यामुळे दिसण्याची शक्यता 0.25 वर आली, तर प्राणी तेवढेच असूनही तीन भेटींत केवळ 35 ठिकाणी नोंद होईल आणि अहवालात मोठी घट दिसेल. एकाच ठिकाणच्या वारंवार भेटींची नोंद वेगवेगळी ठेवली, तरच ही दिसण्याची शक्यता काढता येते. म्हणून पाहणी सुरू होण्यापूर्वी मॉडेल करणाऱ्याने योजनेच्या बैठकीला बसलेच पाहिजे. नोंदी एकत्र करून टाकल्यानंतर त्यातून हे अंतर वेगळे काढण्याचा उपाय सहसा उरत नाही.

या बाबतीतील बेफिकिरीची किंमत किती असू शकते, हे न्यूफाउंडलंडच्या कॉड माशांच्या इतिहासात दिसते. व्यापारी जहाजांना मिळणारी पकड टिकून होती, म्हणून साठाही टिकून आहे असा अर्थ मूल्यमापनात बराच काळ काढला गेला. वास्तविक उरलेले मासे थोड्या जागी दाटीने एकवटत होते आणि सुसज्ज जहाजे नेमकी तीच जागा गाठत होती. अखेर 1992 मध्ये कॅनडा सरकारला ती मासेमारी थांबवावी लागली आणि हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. समीकरणे चुकली नव्हती. पकड आणि साठा यांचे नाते सरळ रेषेत आहे हे गृहीतक चुकले होते.

एक प्रदेश दीर्घकाळ धरून राहावा

तंत्रे बदलत राहतात, पण एखाद्या परिसंस्थेची वीस वर्षांत मिळवलेली ओळख कोणी हिरावून घेऊ शकत नाही. अमेरिकेतील सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर 1958 पासून लांडगे आणि मूस हे मोठे हरिण यांचा अभ्यास अखंड चालू आहे. बाहेरून पाहता भक्षक-भक्ष्याच्या मॉडेलसाठी याहून आदर्श जागा नाही, कारण भक्षक एक, मोठे भक्ष्य एक आणि भोवती पाणी आहे. प्रत्यक्षात 1980 मध्ये 50 असलेले लांडगे कुत्र्यांच्या पार्वो विषाणूच्या साथीमुळे 1982 पर्यंत 14 वर आले, 1996 च्या कडक हिवाळ्यात मूसची संख्या कोसळली, आणि पुढे जवळच्या नात्यांतील प्रजननामुळे लांडगे नामशेष होण्याच्या टोकाला गेले, तेव्हा 2018 पासून बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले. दहा वर्षांनी अभ्यास थांबवला असता तर यांतील एकही गोष्ट कोणाला कळली नसती. साथ, हवामान आणि अनुवंश हे तिन्ही घटक मॉडेलमध्ये नंतर आले, आणि ते आणण्याचे शहाणपण सातत्याने ठेवलेल्या नोंदींनी दिले.

परिसंस्थेचे धागे किती लांब पोहोचतात याचे दुसरे उदाहरण पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशाचे आहे. तेथे भोवतालच्या गुरांना बुळकांडी रोगाची लस दिल्यामुळे वन्य प्राण्यांतील रोग ओसरला आणि 1960च्या दशकाच्या आरंभी सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट हे कळपाने चरणारे प्राणी 1970च्या दशकाच्या अखेरीस दहा लाखांच्या पुढे गेले. एवढ्या तोंडांनी गवत चरल्यामुळे वणव्यांना जळण उरले नाही, वणवे घटले आणि झाडे वाढली. गुरांच्या लसीपासून झाडांच्या आच्छादनापर्यंतचा हा धागा एका विषयाच्या चौकटीत बसणारा नाही. म्हणून पशुवैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ, हवामानतज्ज्ञ आणि त्या भूमीवर राहणारे लोक यांच्याशी बोलण्यात घालवलेला वेळ संशोधनातून वजा झाला असे समजू नये.

ज्याची ओढ गणिताकडे आहे त्याने निदान एक पूर्ण हंगाम क्षेत्रकामात काढावा. कॅमेऱ्याची बॅटरी कधी संपते, पावसात कोणती पायवाट वगळली जाते, थकलेला निरीक्षक दिवसाच्या अखेरीस काय टिपायचे विसरतो, हे सर्व आकड्यांमध्ये उतरलेले असते आणि ते पाहिलेल्या माणसालाच ओळखू येते.

मॉडेलवर विश्वास केव्हा ठेवावा

रिचर्ड लेव्हिन्स यांनी 1966 मध्ये म्हटले होते की सर्वसामान्यता, वास्तवता आणि अचूकता ही तिन्ही उद्दिष्टे एका मॉडेलमध्ये एकाच वेळी साधत नाहीत, त्यांतील एक सोडावे लागते. आपण काय सोडले हे शोधनिबंधाच्या पहिल्या भागातच लिहून टाकावे. प्रत्येक प्राण्याचे वर्तन स्वतंत्रपणे चालवणारी एजंट-आधारित मॉडेले वास्तवाच्या जवळ जातात, पण त्यांत परिमाणे इतकी असतात की लेखकाखेरीज कोणाला ती पुन्हा उभारता येत नाहीत. अशा मॉडेलांचे वर्णन कसे करावे यासाठी 2006 मध्ये फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी ओडीडी नावाचा सर्वमान्य आराखडा दिला, आणि तो पाळणे आता शिस्तीचा भाग झाले आहे.

खऱ्या नोंदींना हात लावण्यापूर्वी खोट्या नोंदी तयार कराव्यात, ही माझी ठाम शिफारस आहे. संगणकावर आपल्या मर्जीचे प्राणी निर्माण करावेत, त्यांची खरी संख्या ठरवावी, आपल्या पाहणीची नक्कल करावी आणि मग आपली पद्धत ती ठरवलेली संख्या परत मिळवते का ते पाहावे. उत्तर माहीत असलेल्या गणितात जी पद्धत नापास होते, तिला उत्तर माहीत नसलेल्या गणितात बसवू नये. याच सरावातून किती कॅमेरे, किती भेटी आणि किती वर्षे लागतील याचाही अंदाज येतो, आणि अनुदानाच्या अर्जात हा अंदाज सर्वाधिक वजनदार ठरतो. त्यानंतर एकेक परिमाण हलवून उत्तर किती हलते ते पाहावे. पडताळणीसाठी नोंदी बाजूला ठेवताना त्या सरमिसळ करून उचलू नयेत, संपूर्ण वेगळा प्रदेश किंवा वेगळी वर्षे ठेवावीत, कारण शेजारच्या दोन ठिकाणांच्या नोंदी एकमेकींची नक्कल असतात आणि मॉडेलची खोटी स्तुती करतात. प्रजातींच्या वितरणाच्या नकाशांमध्ये हा दोष विशेष आढळतो.

अनिश्चितता लपवण्याची गरज नसते, हे मॅलार्ड बदकांच्या व्यवस्थापनात पाहायला मिळते. शिकारीने मेलेली बदके तशीही दुसऱ्या कारणाने मेली असती की नाही, आणि गर्दी वाढल्यावर प्रजनन किती घटते, यावर तज्ज्ञांचे एकमत होत नव्हते. 1995 मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने वाद मिटण्याची वाट न पाहता चार पर्यायी मॉडेले शेजारी ठेवली, प्रत्येकाला विश्वासाचे वजन दिले, त्या वजनांनुसार शिकारीचे नियम ठरवले आणि दरवर्षी ज्याचे भाकीत मोजणीच्या अधिक जवळ आले त्याचे वजन वाढवले. निर्णय थांबला नाही आणि शिकणेही थांबले नाही.

पीएचडी आणि त्यापुढे

मार्गदर्शक निवडताना त्याची कीर्ती पाहण्याआधी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे आणि ते आज काय करतात, त्यांचे कोड आणि नोंदी कोणाच्या नावावर आहेत, मार्गदर्शक मसुदा वाचायला किती दिवस घेतो, हे विचारावे. एक मार्गदर्शक संख्याशास्त्राच्या बाजूचा आणि एक प्राण्याच्या बाजूचा असेल तर उत्तमच. प्रबंधाची रचना करताना पहिले प्रकरण उपलब्ध नोंदींवर आधारलेले ठेवावे, कारण क्षेत्रकामाची परवानगी लांबली किंवा एक हंगाम वाया गेला तरी काम चालू राहते. जैवविविधतेच्या नोंदींसाठी जीबिफ, प्राण्यांच्या हालचालींसाठी मूव्हबँक असे खुले साठे आहेत. मात्र त्यांतील नोंदी रस्त्यांच्या आणि शहरांच्या आसपास एकवटलेल्या असतात, हे विसरता कामा नये. ज्याच्या नोंदी वापरायच्या त्याला आधी पत्र लिहावे, विश्लेषण दाखवावे आणि त्याचे योगदान मोठे असेल तर सहलेखक करावे. या छोट्या जगात कामे अशाच विश्वासातून मिळतात.

पीएचडीनंतर विद्यापीठ हा एकच रस्ता नाही. वन आणि मत्स्य विभाग, संवर्धन संस्था, रोगनियंत्रणाचे कार्यक्रम, पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन, या सर्व ठिकाणी संख्येचा विश्वासार्ह अंदाज काढू शकणारी माणसे लागतात. प्रकाशनाच्या बाबतीत, पद्धतीवरचा एखादा निबंध आणि प्राण्यावरचे दोन-तीन निबंध असे मिश्रण उपयोगी पडते, कारण पहिल्यामुळे गणितज्ञ ओळखतात आणि दुसऱ्यांमुळे व्यवस्थापक. इतरांच्या हस्तलिखितांचे परीक्षण करण्याची संधी आली तर ती घ्यावी, दुसऱ्याच्या गृहीतकांतील भेगा पाहताना स्वतःच्याही दिसू लागतात.

व्यवस्थापकांपुढे निष्कर्ष मांडताना एक आकडा देऊ नये आणि केवळ विस्तृत पल्ला देऊनही थांबू नये. त्यांच्यासमोर असलेले दोन-तीन पर्याय घेऊन, प्रत्येकात संख्या एका ठरावीक पातळीखाली जाण्याची शक्यता किती, आणि आपला अंदाज चुकला तर कोणती चूक अधिक महाग पडेल, हे साध्या भाषेत सांगावे. दुर्मिळ प्राण्यांची नेमकी ठिकाणे नकाशात छापू नयेत. शिकारी टोळ्याही शोधनिबंध वाचू शकतात. उरलेले सर्व, म्हणजे कोड, नोंदींची रचना, प्रत्येक रकान्याचा अर्थ, मोजमापाचे एकक, गाळलेल्या ओळी आणि त्या का गाळल्या याचे कारण, अशा रीतीने लिहून ठेवावे की आपल्याला कधीही न भेटलेला विद्यार्थी पंधरा वर्षांनी तोच संगणकीय आदेश चालवील आणि त्याला तीच संख्या मिळेल.